बापूरावांच्या घरची कललेली मांडणी

पितळेचा हंडा काशीबाईंच्या अंगठ्यावर पडला आणि मला दुसऱ्यांदा बोलावणं आलं. बोलावणं कसलं, बापूरावांचा गडी सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, हत्यारं घ्या अन् चला. बापू लय तापले हायेत."

बापूराव म्हणजे आमच्या अमरावतीतले कापसाचे मोठे व्यापारी, काशीबाई त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी ते स्वतःच्या वावरात वखर हाकत होते. मग तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इंग्रजांच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बापूरावांनी वेळ साधली. गावाबाहेर नवं घर बांधलं, घरात पितळ आणलं आणि मुलासाठी जवळच्या भातकुली गावची सून आणली. तिचं नाव गोदा.

त्या वर्षांत अमरावतीत मोकळा सुतार दिसणं कठीण होतं. कोणाला गाड्या हव्या होत्या, कोणाला गाठी बांधायच्या स्क्रूची शेड हवी होती. स्क्रू म्हणजे कापूस दाबायचं लाकडी यंत्र. वरचा दांडा माणसांनी गरागरा फिरवायचा, खाली कापूस दाबला जातो. बापूरावांच्याही मनात अशी एक शेड होती आणि तिच्या छपराची ऑर्डर मला द्यायचं त्यांनी बोलून दाखवलं होतं. म्हणूनच मांडणीसारख्या चिल्लर कामाला मी गेलो होतो. नाहीतर गेलो नसतो, हे उघडच आहे.

मांडणी म्हणजे भांडी ठेवायचा लाकडी घोडा. चार पाय, त्यावर फळ्या. बापूरावांची मांडणी सागवानी होती आणि माणसापेक्षा उंच होती. अकोटच्या रहीम मिस्त्रीने केलेली. भिंतीपासून ती चार बोटं सुटी ठेवलेली होती, कारण आमच्याकडे मातीच्या भिंतीला लाकूड टेकलं की वाळवी लागलीच म्हणून समजा. वर घागरी, हंडे, परातींची उतरंड. घरात पाऊल टाकलं की पहिली नजर तिच्यावर जावी, अशी माजघरात मांडलेली. आणि ही मांडणी पुढे झुकत होती.

पहिल्या खेपेला मी काय केलं ते आधी सांगतो.

उभी वस्तू कलते ती दोन प्रकारे. एक तर तिचे सांधे ढिले होतात. जुनी खाट जशी अंग टाकते, तशी ती स्वतःच तिरकी होते. नाहीतर वस्तू धड असते, पण उभीच वाकडी राहिलेली असते. कुठला प्रकार आहे ते गुण्या सांगतो. गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं हत्यार. मी भांडी उतरवून चारी कोपऱ्यांत गुण्या लावला. सगळे कोपरे काटकोनात. सांधे इतके घट्ट की त्यांत नखही शिरेना. रहीम मिस्त्रीचा हात मला ठाऊक होता, नवल वाटलं नाही.

मग जमीन पाहिली. माझ्याकडे लेव्हल होती. अकोल्याकडे रेल्वेची लाइन टाकायचं काम चालू होतं, तिथे पुलाच्या लाकूडकामावर मी काही महिने होतो. तिथल्या ओव्हरसियर साहेबांनी ती मला दिली. लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मध्ये आला की जागा सपाट. साहेब पुण्याकडचे होते, फार ठासून बोलायचे.

"मिस्त्री, डोळा फसवतो. लेव्हल फसवत नाही. बबल मध्ये आला की विषय संपला."

"आन् नाई आला तं?"

"तर काम पुन्हा करायचं. वाद घालायचा नाही."

तेव्हापासून मी लेव्हलशी वाद घालत नव्हतो. बापूरावांच्या माजघरात मांडणीपुढे लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्ये आला. म्हणजे जमीन सपाट. मांडणी काटकोनात. मग राहिलं काय? पाय. सगळ्यांत खालच्या फळीपासून जमिनीपर्यंत चारही पाय मोजले. पुढचे दोन मागच्यांपेक्षा अर्धा बोट आखूड भरले.

"रहीम मिस्त्रीनं पाय आखूड कापले बापू," मी म्हणालो. "ठोकळे मारतो, उभी राह्यते."

खाली अर्धा बोट फरक असला की उंच मांडणीत तो वर तीन बोटं दिसतो. मी पुढच्या पायांखाली सागाचे ठोकळे ठोकले, ओळंबा सोडून पाहिला. दोरीला बांधलेलं वजन सरळ खाली लोंबलं आणि मांडणी त्या दोरीला समांतर उभी राहिली. काशीबाईंनी मला गूळपाणी दिलं. मी घरी आलो आणि विसरलो.

ते काम एक महिनाही टिकलं नाही.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा दारात दमणी जुंपलेली होती. ही आमच्याकडची बसायची बैलगाडी. वाटलं, बापूराव बाजारात निघाले असतील. आत ओट्यावर काशीबाई पाय पसरून बसल्या होत्या, अंगठ्यावर हळदीचा लेप होता. बापूराव खांबाला टेकून उभे होते. दाराशी लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं.

"पक्कं झालं म्हनले होते ना तुमी?" काशीबाई म्हणाल्या. "हे पाहा पक्कं."

"मोडलं तं नाई ना काकू?"

"बोट नाई मोडलं. मन मोडलं माहं."

मी मांडणीकडे पाहिलं. ती पुन्हा पुढे आली होती, आधीपेक्षा जास्त. बापूराव म्हणाले, "मिस्त्री, तुमी आपले ठोकून सरळ करा अन् मोकळे व्हा. खरा दोष लाकडाचा नाई. आमाले समजला तो."

"कोनाचा हाये मंग?"

उत्तर काशीबाईंनी दिलं.

"ही पोरगी घरात आली तवापासून काहीच धड उभं राह्यत नाई. आदी मांडनी वाकली. मंग कापसाचा भाव उतरला. आता माह्यावर हंडा आला. पायगुन म्हन्तेत तो असा. वरून चढते बी मांडनीवर. म्या डोयानं पाह्यलं. भातकुलीले धाडून राह्यलो तिले, काही दिवस राहू द्या मायजवळ."

काही दिवस म्हणजे किती, ते आमच्याकडे कोणी विचारत नाही. पायगुण वाईट म्हणून माहेरी पाठवलेल्या पोरीला आणायला पुन्हा दमणी जातेच असं नाही. माझी एक मावसबहीण अशीच काही दिवसांसाठी आली होती. ती आमच्या मावशीच्या घरीच म्हातारी झाली. अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी आली होती, मुंबईचा भाव हलला होता, आणि त्याचं खापर भातकुलीच्या एका पोरीच्या डोक्यावर फोडलं जात होतं. मला राग आला. पण मी कामाला आलेला माणूस, छपराची ऑर्डर अजून हातात पडायची होती. मी गप्प राहून आत गेलो.

आत गोदा सारवत होती. जायच्या दिवशीही तिच्याकडून सारवण सुटलं नव्हतं. शेणकाल्याचं टोपलं, शेजारी पाण्याचं मडकं. डोळे सुजलेले, पण हात एका लयीत फिरत होता. सारवण इतकं सुरेख की जमीन आरशासारखी. मी आलो तशी ती बाजूला सरकली.

"बाई," मी म्हटलं, "तू मांडनीवर चढते का?"

तिने मान खाली घातली. "येकच डाव चढली. वरची परात हाताले येत नव्हती. मंग पुना नाई चढली."

तिची उंची बेताचीच होती. अशा अंगाच्या पोरीने एकदा पाय दिला म्हणून भरलेली सागवानी मांडणी कलत नाही. मी कामाला लागलो. गुण्या लावला, कोपरे तसेच काटकोनात. लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्येच. पाय मोजले, तर पुढचे पुन्हा आखूड. मी ठोकळे मारून सारखे केलेले पाय पुन्हा आखूड कसे होतील? लाकूड काही उंदराने खालून कुरतडलेलं नव्हतं. आणि मग लक्षात आलं की माझे ठोकळे कुठे दिसतच नाहीत.

मी पटाशी घेतली, म्हणजे लाकूड कोरायचं हत्यार, आणि पायाजवळची जमीन उकरली. वरचा पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. सारवणावर सारवण, चपात्यांची चवड असावी तसे. त्या सगळ्यांच्या खाली माझा ठोकळा होता, आणि त्याखाली लोण्यासारखी मऊ काळी माती.

पाय आखूड नव्हतेच. ते जमिनीत गेले होते. पाय खाली गेला की भोवती खळगा पडायचा, आणि दुसऱ्या सारवणात तो खळगा बुजायचा. वरून जमीन सपाट. माझी लेव्हल खरंच बोलत होती, पण ती वरच्या पापुद्र्याबद्दल बोलत होती. तिला खालचं विचारलंच नव्हतं.

मागच्या पायांजवळ उकरलं. तिथली माती कोरडी, दगडासारखी टणक. भिंत आणि मांडणी यांच्यामधल्या त्या चार बोटांच्या फटीत हात शिरत नाही, म्हणून मागे सारवण पोचत नव्हतं. पाणी सगळं पुढच्या पायांशी. पुढचे रुतत होते, मागचे जागच्या जागी होते.

आता सगळं कळलं होतं. लंगडत काशीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय निंगालं?"

"जमीन ओली होऊन राह्यली काकू. सारवनाचं पानी मुरून पुढचे पाय खाली चालले."

"म्हंजे हिच्याच हातानं झालं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. एवढंच ऐकायचं होतं, असं तोंड केलं आणि बाहेर वळून म्हणाल्या, "ऐकलं का? मिस्त्रीबी तेच म्हन्ते."

गोदाचा हात थांबला. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपलं उचलून कोपऱ्यात ठेवलं.

मी खोटं बोललो नव्हतो. पण माझं खरं तिच्या गाठोड्यावर आणखी एक गाठ मारून बसलं. कामावर असं फार वेळा होतं. आपण जेवढं पाहिलं तेवढं सांगतो, आणि ऐकणारा त्यातलं त्याला हवं तेवढं उचलतो. वाटलं, आता मांडणी सरळ करावी आणि घरी जावं. घरच्या भानगडीत सुताराने कशाला पडायचं. छपराची ऑर्डर होती. पण पटाशीच्या टोकाला ती काळी माती लागलेली होती आणि ती मला सोडेना.

"काकू, घर सारवतेत तं आठवड्याले. ही रोज काहून सारवते?" मी विचारलं.

काशीबाईंनी आरशासारख्या जमिनीकडे बोट केलं.

"म्या सांगतलं. रोज कोनी ना कोनी येते, दलाल येतेत, अकोल्याचे आडते येतेत. नव्या घराची जमीन पाहून लोकायनं नाव ठेवाव का? म्या सांगतलं, येक दिवस चुकला नाई पाह्यजे."

"अन् चुकला का?"

"नाई चुकला," काशीबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांनी सरळ कबूल केलं.

तोवर बापूराव आत आले. मी मातीचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला. शेतकरी माणूस, त्यांनी तो नकळत बोटांत चुरडून पाहिला.

"बापू, ही माती कुठची?"

"आपल्याच वावरातली."

"जोत्यात काळी भरली? मुरूम काहून नाई घातला?"

हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे गाव वसतं ते पांढरीवर आणि पीक येतं ते काळीत. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि मऊ पडते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती सोनं, पण घराखाली ती घालत नाहीत. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. बापूरावांना तर असणारच.

"मुरूम आनाले गाड्या कुठी होत्या?" ते म्हणाले. "सारा गाव कापूस वाहून राह्यला होता. माह्यासकट. घर पावसाच्या आत उभं कराचं होतं. वावर जवळ होतं, टाकली."

"बापू, पावसात त्याच वावरात भरली गाडी उभी केली तं काय होते?"

"आखापर्यंत रुतते."

"मंग ही मांडनी म्हंजे भरली गाडीच हाये. अन् तिच्या चाकापाशी तुमी रोज पाऊस पाडून राह्यले."

बापूरावांनी मांडणीकडे पाहिलं, मग हातातल्या मातीकडे. मला वाटलं, छपराची ऑर्डर गेली. मी पटाशी पुसायला लागलो.

काशीबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "काळी माती तुमी टाकली. रोज सारवाले म्या लावलं. मंग आपल्या दोघायलेच पोचवा म्हना भातकुलीले. दमनी जुंपेलच हाये. पोरगी राहीन घरी."

बापूरावांच्या मिशीत काहीतरी हललं. हसू होतं की राग, ते मला अजून सांगता येत नाही. त्यांनी गड्याला हाक मारली.

"दमनीचे बैल सोड. मोठ्या गाडीले जुंप. खदानीवरून चपटे दगड अन् मुरूम आन."

गोदाने दाराजवळचं गाठोडं उचललं आणि आत नेलं. कोणी तिला ने म्हटलं नाही, कोणी नको म्हटलं नाही. काशीबाई सून आत गेली त्या दाराकडे पाहत राहिल्या. तिला काही म्हणाल्या नाहीत. त्या पिढीच्या सासवा सुनेपाशी चुकीची कबुली द्यायच्या नाहीत, नवऱ्याला टोमणा मारूनच त्यांची कबुली व्हायची.

बाकीचं काम सोपं होतं. मांडणी रिकामी करून बाजूला काढली. चारही पायांच्या जागी कोरडी टणक माती लागेपर्यंत खड्डे घेतले, त्यात मुरूम आणि विटांचे तुकडे घालून ठोकून घट्ट केले. त्यावर चपटे दगड बसवले. याला आम्ही तळखडा म्हणतो, घराच्या खांबाखाली असतो तोच. दगड जमिनीपेक्षा दोन बोटं वर ठेवले, म्हणजे सारवणाचं पाणी लाकडापर्यंत चढत नाही. त्या दगडांवर लेव्हल लावली. दगडाच्या बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. माझे ठोकळे काढून टाकले आणि मांडणी रहीम मिस्त्रीच्या मूळ पायांवर उभी केली. चारही पाय केसभरही कमीजास्त नव्हते. मी ते बापूरावांना मुद्दाम मोजून दाखवलं, कारण पहिल्या खेपेला मी रहीमच्या हाताला नावं ठेवली होती आणि अकोटला अशी गोष्ट पोचायला वेळ लागत नाही.

मांडणीच्या माथ्यापासून वरच्या तुळईला एक आडवी पट्टी मारली. भिंतीला हात लावला नाही, वाळवी नको म्हणून. मग भांडी मांडायची वेळ आली. आधी बापूरावांनी हंडे सगळ्यांत वर मांडले होते, दारातून दिसावेत म्हणून.

"हंडे खाली," मी म्हणालो.

"खाली ठेवले तं दिसतीन कसे?" बापूराव म्हणाले.

"वर ठेवले तं काकूले दिसले बापू. अंगठ्यावर."

हंडे खाली गेले. पराती वर गेल्या, त्याही गोदाचा हात पोचेल इतक्याच वर. काशीबाईंनी विचारलं, "आता सारवाचं किती डाव?" मी म्हटलं, आठवड्याला एकदा, आणि दगडांपाशी हात कोरडा ठेवायचा. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांचे पाहुणे मळकी जमीन पाहून काय म्हणाले, ते मला कळलं नाही. बहुधा कोणी खाली पाहिलंच नसावं.

स्क्रूची शेड झाली नाही. त्यात माझ्या बोलण्याचा हात नव्हता. भाव जो घसरला तो घसरतच गेला आणि अमरावतीत बऱ्याच जणांच्या शेडी बोलण्यातच राहिल्या. मी पुन्हा अकोल्याला लाइनवर गेलो. ओव्हरसियर साहेबांना हा किस्सा सांगितला, तर ते म्हणाले, "म्हणजे लेव्हल बरोबरच होती." मी वाद घातला नाही.

पण त्या दिवशी निघताना झालेलं एक बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. गोदा गूळपाणी घेऊन आली. घरात दुसरं कोणी जवळ नव्हतं. सकाळपासून तिने मी विचारलं त्यापलीकडे एक शब्दही काढला नव्हता. तांब्या खाली ठेवून ती म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, हे खालचं तुमी पयल्या डावलेच काहून नाई पाह्यलं?"

रागाने नाही विचारलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मधले दिवस तिने त्या घरात कसे काढले असतील, ते मला तेव्हा, तिचं तोंड पाहिल्यावर, पहिल्यांदा जाणवलं.

"मी सुतार हाओ बाई," मी म्हटलं. "मी लाकूड पाह्यलं."

"अन् मी रोज जमीनच पाहत होती," ती म्हणाली. "पन मले कोनी इचारलं नाई."

तेव्हापासून कोणी कललेली वस्तू दाखवली, की मी गुण्या काढायच्या आधी विचारतो, इथे सारवतं कोण. लोक हसतात. सुताराला सारवणाशी काय करायचं, म्हणतात. मी म्हणतो, त्या बाईला बोलवा, आणि ती येईपर्यंत हत्यारांची पिशवी उघडत नाही.